जुन्या टाटामोबाइल पिकअपला मसल कारचं रूप: काय करावं, काय टाळावं? (नाशिक)

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ९.४०

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. गाडी टाटामोबाइल २०६, सिंगल केबिन, १९९४, एमएच-१५, पिवळी पाटी. इंजिन मूळचंच डिझेल, कागद चालू. आजवर पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षाचे क्रेट, खतं आणि औषधं यांच्यावरच चाललेली.

हिला १९६८-७० च्या अमेरिकन मसल कारची (जबर ताकदीच्या इंजिनाच्या गाडीची) धाटणी द्यायची आहे. नाक खाली, शेपूट वर, पुढे सलग काळी जाळी, खोल बसवलेले गोल दिवे, बोनेटवर उंचवटा, लांब पट्टे. केबिनच्या मागून हौद्यावर उतरत जाणारे तिरपे पत्रेही लावावेत असं मला वाटतं, शेव्हरले एल कामिनोला (कारच्या अंगाच्या अमेरिकन पिकअपला) होते तसे. गाडी रोज वापरायची आहे, प्रदर्शनाला उभी करायची नाही. बजेट साधारण दोन लाख.

कामाचा क्रम काय ठेवावा? बोनेटवर स्कूप (हवा घेणाऱ्या तोंडाचा उंचवटा) करावा का, आणि केला तर कसला? इंजिनात हात घालावा का? आरटीओ कुठपर्यंत चालवून घेतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रंगारी | ९.५२

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका, विशेषतः मडगार्डच्या आतल्या कडांचे.

आरटीओपंडित | १०.१५

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिघांची उत्तरं त्यावर ठरतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यानुसार नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

थोडक्यात, चासी, लांबी-रुंदी, इंधनाचा प्रकार आणि आसनसंख्या यांना हात लावू नका. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून घ्या. पेठ रोडला जाऊन आधी विचारा, मग रंग मारा. पुढे बुलबार किंवा क्रॅश गार्ड नको, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर कारवाईचे आदेश दिलेले आहेत. पुढे लाल-निळे दिवे नकोत. पिवळ्या पाटीला फिटनेस असतोच, त्यामुळे जे कराल ते बोल्टवर उतरवता येईल असं करा.

व्हिंटेज नोंदणीचा विचार डोक्यात असेल तर सोडा. ती ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी आहे, तीही मालवाहतुकीत नसलेल्या.

पत्रेवाला_अंबड | ११.३०

क्रम असा ठेवा: गंज, ब्रेक, पाटे (लीफ स्प्रिंग), दिवे, पत्राकाम, रंग. बहुतेकांचे पैसे बुडतात ते आधी रंग आणि मग गंज केल्यामुळे.

सगळे मॅट काढा, हौद्यातली फळी काढा, गाडी लिफ्टवर घ्या आणि लहान हातोडीने चासी ठोकत चला. टणक आवाज आला तर ठीक. थबथब आवाज आला की तिथे तारेच्या ब्रशने पोपडा काढून बघा. या सहा जागा सोडू नका: मागच्या पाट्यांचे हँगर, केबिनचे माउंट, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, काचेखालच्या काउलचा निचरा, दाराची खालची घडी, आणि छताची पावसाळी पन्हाळ. हँगर किंवा माउंटजवळ चासी पातळ झाली असेल तर बाकी सगळे बेत थांबवून पैसा तिथे घाला.

फ्लोअरला १.२ मिमीचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, बाहेरच्या अंगाला ०.९ ते १ मिमी. कुजलेला भाग किमान २५ मिमी चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा. गंजावर नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि दोनेक पावसाळ्यांत दोन्ही जातात. वेल्डिंग सीओटूचंच, ०.८ ची तार. सलग ओढायचं नाही. १०-१५ मिमीचा टाका मारायचा, हातभर अंतरावर दुसरा, मग पुन्हा मागे यायचं. बोनेट आणि दारासारख्या सपाट पत्र्यावर सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटा घेतो. मग त्या लाटा भरायला पाव किलो पुट्टी, आणि ती पुट्टी वर्षभरात तडकते.

पुट्टीची मर्यादा २, फार तर ३ मिमी. त्याहून खोल खड्डा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) वर काढायचा.

द्राक्षबाग | १२.०५

वरच्या यादीत हौद्याची भर घाला. द्राक्षाच्या गाडीत मोरचूद आणि पोटॅशची पोती वाहिलेली असतात. मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडावर पडलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळत जातं. त्या तांब्यापाशी पुढेही गंज झपाट्याने वाढतो. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच, ते हवेतला ओलावा ओढून धरतं. हौद्याच्या पन्हाळींमध्ये आणि फाळक्याच्या बिजागरीखाली हिरवट-निळसर पापुद्रा दिसला तर तोच समजा.

नुसतं घासून उपयोग नाही. आधी प्रेशरने भरपूर पाणी, मग सोड्याचं पाणी, मग परत साधं पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर ग्राइंडर. मीठ आत ठेवून वर इपॉक्सी मारला तर महिन्याभरात फुगे येतात.

गोदाकाठ | १२.४०

द्राक्षबाग, तुमचा अंदाज तंतोतंत. फाळक्याच्या कोपऱ्यात निळसर पापुद्रा आहे. फ्लोअरही दोन जागी मऊ लागतोय. हँगर टणक आहेत.

तिरप्या पत्र्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून.

चक्रधर | १.२०

मी बोलतो. ते पत्रे लावू नका.

एल कामिनोत केबिन आणि हौदा मिळून एकच बॉडी होती, शेव्हेल कारच्या चासीवर बसवलेली. म्हणून छताचा खांब थेट हौद्याच्या कडेवर उतरवता आला. टाटामोबाइलमध्ये शिडीच्या चासीवर केबिन वेगळ्या रबरांवर बसलेली आहे आणि हौदा वेगळ्या बोल्टांवर. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते आणि दोघांमधली फट वरच्या बाजूला सहज कमी-जास्त होते. केबिन आणि हौदा जोडणारा पत्रा एक तर आपल्या टाक्यांवर फाटतो, नाही तर केबिनचा मागचा कोपरा फाडतो.

अगदी हवेच असतील तर फक्त हौद्याला जोडा, केबिनपासून किमान २० मिमी फट ठेवा आणि कडेला पोकळ रबर लावा. आरशात मागचं दिसण्याचा कोन किती जातो ते आधी पुठ्ठ्याने बघा.

पंचवटीतले_पंत | २.००

थोडं अवांतर, पण नक्कल कशाची करायची ते ठरवायला उपयोगी.

कारच्या अंगाचा पिकअप अमेरिकेत रुळवला फोर्डच्या रँचेरोने, १९५७ मध्ये. एल कामिनो आली १९५९ ला. मसल कारचा जमाना १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून धरतात. मधल्या आकाराची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं व्ही-८, हीच सगळी युक्ती. १९७० च्या शेव्हेल एसएसला ४५४ घनइंचाचं एलएस६ इंजिन मिळायचं, ४५० हॉर्सपॉवरचं.

पिकअपवाल्यांनीही हौस भागवून घेतली. १९७८ चा डॉजचा लिल रेड एक्स्प्रेस घ्या: लाल रंग, हौद्याला लाकडी पट्ट्या आणि केबिनच्या मागे ट्रॅक्टरसारखे उभे सायलेन्सर. आणि छोट्या पिकअपमधला खरा मसल म्हणजे १९९१ चा जीएमसी सायक्लोन. ४.३ लिटरचं टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, चारही चाकांना जोर. मालाची क्षमता मात्र ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. बाहेरून तो जवळपास साधा काळा पिकअप. ना स्कूप, ना पट्टा.

सांगायचा मुद्दा असा की त्या गाड्यांचा रुबाब प्रमाणांत होता. बोनेट सपाट आणि रुंद, जाळी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, दिवे आत, चाकं कमानी भरून टाकणारी. ही चार प्रमाणं जमली की चिकटवायला फार काही लागत नाही.

सुसाट_सिडको | २.१०

इंजिनाचं काय? मफलर काढला तर व्ही-८ चा आवाज येईल ना?

डिझेलधूर | ३.३५

नाही येणार, आणि का ते समजून घ्या. तुमचं इंजिन चार सिलिंडरचं आहे. क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट, आणि सगळे एकाच मॅनिफोल्डमधून ठरावीक अंतराने बाहेर. अमेरिकन व्ही-८ मध्ये दर ९० अंशांना स्फोट होतो, पण डावी रांग आणि उजवी रांग यांच्यात ते सारख्या अंतराने वाटलेले नसतात. एका बाजूच्या पाइपातून लागोपाठ दोन ठोके आणि मग खंड, त्यातून ती गुरगुर निघते. चार सिलिंडरचा मफलर काढला की फक्त जुन्या ट्रॅक्टरचा आवाज येतो आणि चौकात पावती फाटते.

दोन पाइपही नकोत. एका मॅनिफोल्डला वाय जोडून मागे दोन तोंडं काढली तर वजन वाढतं, जोर नाही. शोभेला हवं असेल तर मूळ पाइप आहे तसा ठेवून शेवटी स्टेनलेसचं एकच मोठं तोंड लावा, बंपरच्या मागेच थांबणारं.

इंजिन बदलायचा विचारही नको, कारण पंडितांनी वर लिहिलेलं आहेच. टर्बो नसलेलं, ७० हॉर्सपॉवरच्याही आतलं हे इंजिन आहे. त्याची गंमत खालच्या आरपीएमच्या ओढीत आहे. ती ओढ परत आणा. इंजेक्टर टेस्ट बेंचवर दाब आणि फवाऱ्यासाठी तपासा, टॅपेट सेट करा, पंपाचं टायमिंग बघा, एअर फिल्टर बदला. धूर वाचायला शिका: जोर देताना काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, सकाळी बराच वेळ पांढरा म्हणजे ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन. पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून देणारे भेटतील. त्याने काळा धूर, पीयूसी नापास आणि पिस्टनवर नको तेवढी उष्णता, इतकंच मिळतं.

आणखी एक. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अशा डिझेलवर बहुधा अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो आणि त्याला ऑइलची बारीक नळी जाते. ती नळी गळकी असेल तर पंप कोरडा पडतो आणि ब्रेक दगडासारखा लागतो. कसाऱ्याच्या उतारावर हे कळण्यापेक्षा आजच हात लावून बघा.

चक्रधर | ५.१०

आता उंची आणि चाकं. इथे बारकावे फार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मालवाहू पिकअप रिकामा असताना शेपूट मुळातच वर असतं, कारण मागचे पाटे वजनासाठी बनवलेले. म्हणजे मसलची अर्धी ऐट कंपनीनेच दिलेली आहे. मागे काहीही उचलू नका आणि काहीही पाडू नका. पुढे वाकून टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) आहेत का बघा. असतील तर मागच्या टोकाच्या अँकर बोल्टने नाक २५-३० मिमी खाली घेता येतं. आधी सपाट जागी, टाकी अर्धी भरलेली असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची मापं लिहून ठेवा. बोल्ट फिरवताना गाडी जॅकवर, चाकं लोंबती. दर फेरीनंतर गाडी खाली घेऊन पंधरा-वीस फूट पुढेमागे ढकला, नाही तर टायर रस्त्याला अडकून चुकीची उंची दाखवतात. डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. बंप स्टॉपपर्यंत (सस्पेंशन शेवटी टेकतं त्या रबरापर्यंत) किमान ३० मिमी जागा उरली पाहिजे. ती नसेल तर १५ मिमीवर थांबा. मग अलाइनमेंट करावीच लागते, कारण नाक खाली गेलं की कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन) दोन्ही सरकतात. हे टाळलं तर टायरची आतली कड काही महिन्यांत खाल्ली जाते.

मागची उंची बदलू नका म्हणतो त्याला दुसरं, जास्त गंभीर कारण आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जाते. वजन पडून हौदा खाली बसला की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुम्ही मागची बाजू पाडली तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळाला की पहिल्या पावसात मागची चाकं लॉक होतात आणि शेपूट फिरतं. उलट मागे उचललं तर मागचे ब्रेक जवळजवळ कामच करत नाहीत. तुमच्या गाडीत ती दांडी असेल तर तिच्याशी छेडछाड नको.

पाटे उतरवून साफ करा, मधले रबरी पॅड आणि टोकाचे बुश नवे घाला. यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे घालून २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

चाकं १५ इंची स्टीलचीच ठेवा. आधी पीसीडी (चाकाच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) मोजा: पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर गुणिले १.७०१. म्हणजे अंतर ८२ मिमी आलं तर पीसीडी १३९.७. नटची बैठक शंकूची आहे की गोलाकार तेही पाहा. चुकीच्या बैठकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सुटतो. रिम कापून रुंद करून देणारे आहेत, करू नका. स्पेसरही नकोत, चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवर तरफेचा भार येतो.

टायर कंपनीने दिलेल्या मापाच्या आसपास ठेवा, पण लोड इंडेक्स तपासा. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, प्रत्येक टायरला. कारचा टायर पिकअपला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची.

सिन्नरकर | ५.४५

चक्रधरदादांशी एक मतभेद. नाक ३० मिमी पाडून आपल्याकडचे गतिरोधक कसे ओलांडायचे? गावागावांतले गतिरोधक कुठल्याही मापात बसत नाहीत. १५ मिमी पुरे. बाकी ऐट टायरच्या उंचीतल्या फरकाने आणा: पुढे २१५/६५ आर १५, मागे २१५/७५ आर १५. पुढचा व्यास सुमारे ६६० मिमी, मागचा ७०३. म्हणजे मागे २१ मिमी उंची आपोआप, आणि ॲक्सल ते चासी अंतर तेच, व्हॉल्व्हला धक्का नाही.

चक्रधर | ६.०५

सिन्नरकर, हे पटलं. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे चालतं. फोर-व्हील असती तर ट्रान्सफर केस गेला असता. दोन अटी आहेत. मागचं माप कंपनीच्या मापापासून २-३ टक्क्यांच्या आत हवं, नाही तर स्पीडोमीटर खोटं बोलतो. आणि स्टेपनी मागच्या मापाची ठेवा.

मीनाक्षी_व | ७.२०

दिव्यांबद्दल. मूळचे चौकोनी दिवे काढून ७ इंची गोल बसवायचे असतील तर जीप आणि बुलेटला येणारी घमेली सहज मिळतात. ती मूळ जागेवर वेल्ड करू नका. पुढच्या पत्र्यावर २ मिमीची प्लेट बोल्टने बसवा आणि घमेलं तिच्यावर. दिवे जाळीच्या रेषेपासून ४०-५० मिमी आत गेले पाहिजेत, तोच तो 'खोल' भाव. ॲडजस्टिंग स्क्रूला पेचकस पोचेल एवढी जागा सोडा. ती न सोडल्यामुळे दर वेळी फोकस लावायला जाळी काढावी लागते.

एच४ चा ६०/५५ वॅटचा बल्ब पुरे. दोन अपर मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. एवढा करंट तीस वर्षांच्या स्विचमधून नेऊ नका. अपर-डिपरला एकेक ३० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून २.५ चौ. मिमी वायर, २० अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. अर्थची वायर दिव्यापासून थेट चासीपर्यंत न्या, रंगवलेल्या पत्र्यावर अवलंबून राहू नका. निम्म्या गाड्यांचा मिणमिणता उजेड खराब अर्थमुळेच असतो. स्विचपाशी आणि बल्बपाशी व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वायरिंग आधी.

जाळीसाठी अंबडला लेसर कटिंगवाल्यांना डीएक्सएफ फाइल दिली की २ मिमीच्या ॲल्युमिनिअममधून एकसंध कापून मिळते. आडव्या पट्ट्या ठेवा, पट्टी ८ मिमी आणि फट १६. फटी याहून बारीक केल्या तर रेडिएटरची हवा कमी होते.

रंगारी | ९.१५

आता रंगाचं. पट्टे म्हणजे तर्री आहे, मंडळी. खाली उसळ कच्ची असेल तर तर्रीने मिसळ होत नाही!

उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते, थेट लोखंडावर लावली तर खालून गंज फुटतो. मग सरफेसर, ३२० ने कोरडं, ६०० आणि ८०० ने पाण्यात. सरफेसरवर हलकी काळी फवारणी करून लांब ठोकळ्याने घासलं की खड्डे काळे राहतात आणि उंचवटे उघडे पडतात. हे नुसत्या हाताने घासायचं काम नाही, बोटांच्या खाचा उमटतात आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारल्यावर उन्हात दिसतात.

पट्टे बेस कोटवर, क्लिअरच्या आधी. ६ मिमीच्या फाइनलाइन टेपने कड ओढा, रुंद टेप नंतर. पट्ट्याचा कोट पातळ ठेवा आणि रंग ओलसर असतानाच टेप मागे दुमडून काढा. वर दोन-तीन क्लिअर, मग कड नखाला लागत नाही. या बोनेटला प्रत्येक पट्टा रुंदीच्या साधारण सहाव्या भागाएवढा, मधे ४० मिमी फट. पट्टा जाळीच्या वरच्या पट्टीपासून सुरू होऊन फाळक्यावर संपला पाहिजे. मधेच संपलेला पट्टा स्टिकर वाटतो.

काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात पत्र्यावर न दिसणारा दमट थर बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. डिसेंबरच्या थंडीत हार्डनर फास्ट घ्या आणि दुपारी बारा ते चारमध्ये फवारा.

छत सॅटिन काळं करा. केबिन बसकी दिसते आणि बोनेट आहे त्याहून लांब वाटतं.

द्राक्षबाग | ९.३०

काळं छत आणि एप्रिल-मेचं ऊन, तेही एसी नसलेल्या केबिनला? ड्रायव्हरचा विचार करा हो.

रंगारी | ९.४१

छताखाली बिटुमिनचे पॅड आणि त्यावर १० मिमी फोम लावा, बराच फरक पडतो. तरी नको असेल तर काचेखालचं काउल, वायपर आणि काचेची रबरं तेवढी काळी करा. बोनेट लांब दिसण्याचा परिणाम बराचसा त्यातूनच मिळतो. त्या काळी छतावर विनाइल चढवायची फॅशन होती, ती मात्र मुळीच नको. खाली पाणी धरतं आणि छत कुजतं.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरपे पत्रे रद्द. नाक १५ मिमी, टायर सिन्नरकरांच्या मापाचे, पण आधी कंपनीचं माप ताडून. मागची दांडी बघितली, आहे. तिला हात लावणार नाही.

स्कूपचा प्रश्न मात्र राहिलाच. मनात शेव्हेलसारखा काउल स्कूप आहे, काचेकडे तोंड असलेला.

पंचवटीतले_पंत | ८.५०

निवड चांगली. शेव्हेल एसएसला तो मागे तोंड करून का होता हे माहीत असलेलं बरं. गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो. तिथून हवा घेतली की कार्ब्युरेटरला थंड आणि दाबाची हवा मिळते. जोरात ॲक्सिलरेटर दिला की झडप उघडायची.

पत्रेवाला_अंबड | १०.२०

रूप तेच करा, पण तोंड बंद ठेवा. त्याच जागी, काचेच्या पायथ्याशी, केबिनच्या ताज्या हवेचंही तोंड असतं. गाडी हळू चालत असली किंवा सिग्नलला उभी असली की इंजिनाची गरम हवा मागच्या फटीतून निघते आणि ब्लोअर ती ऑइलच्या वासासकट आत खेचतो. पावसात पाणी थेट वायरिंगवर पडतं, ते वेगळंच. डिझेलच्या एअर फिल्टरला या स्कूपचा काडीचा फायदा नाही.

बनवायचा असा. उंची मागच्या टोकाला जास्तीत जास्त ५० मिमी, पुढे शून्यावर उतरती. आधी पुठ्ठ्याचा करून बोनेटवर चिकटवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. रस्ता दिसायला लागतो ते अंतर किती वाढतं ते खडूने खूण करून मोजा. उंची ठरेपर्यंत पत्रा कापू नका. रुंदी पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांएवढी, म्हणजे पट्टे स्कूपवरूनच जातील.

पत्रा १ मिमी, मूळ बोनेटवर वरून बसवायचा. बोनेटच्या आतली आडवी पट्टी आणि लॉकची जागा कापायची नाही, अपघातात बोनेट दुमडतं ते तिच्यामुळेच. फायबर केलं तरी चालेल, वजन कमी: ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, मॅटच्या दोन ते अडीच पट रेझिन, हार्डनर १ ते २ टक्के. कोबाल्टचं ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि हार्डनर त्यानंतरच. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. चिकटवायला पॉलियुरेथेन सीलंट आणि आतून सहा बोल्ट. दोन्ही वस्तू उन्हात सारख्या प्रसरण पावत नाहीत, म्हणून सांध्यावर पुट्टी भरून तो लपवू नका. तिथे तडा हमखास जातो. सांधा उघडा आणि सरळ ठेवा, कडेने बारीक काळी रबरी पट्टी.

वजन वाढल्यामुळे बोनेटची दांडी आणि लॉकची स्प्रिंग तपासा. दुसरा सेफ्टी हुक चालतोय ना तेही बघा.

आरटीओपंडित | १०.३५

बंद स्कूप बोल्टवर असेल आणि चालकाची नजर अडत नसेल तर माझ्या मते धोका कमी. तरी फिटनेसच्या आधी दाखवून घ्या, आणि मूळ दिवे व जाळी भंगारात घालू नका.

गोदाकाठ | १०.५०

पुठ्ठा आजच कापतो. ५० ने सुरुवात करून खाली येऊ का?

पत्रेवाला_अंबड | ११.०२

३० ने सुरू करा आणि दर वेळी ५ ने वाढवा. या बोनेटवर बहुधा ४० च्या आसपास थांबाल.